यंत्राच्या जागी नाग

"गुरुजी, यंत्र काढा. त्या जागी नाग घाला," मी म्हणाले.

ऊ थॉन ल्विन यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "काय घालू?"

"नाग. तळ्याखाली राहणारा, सगळं ऐकणारा. तुम्ही हो म्हणा, बुधवारपर्यंत टाइप करून देते."

रंगूनच्या त्या छापखान्यात मी एकोणीस वर्षं टाइपिस्ट होते. लेखकांच्या वह्या टाइप करायच्या, बाडाला चिठ्ठी लावायची, चिठ्ठीवर कथेचा प्रकार लिहून खाली सही करायची आणि सगळं सरकारच्या छाननीच्या कचेरीत नेऊन द्यायचं, हे माझं काम. सही मालकांची का नाही, तर त्यांना रक्तदाब होता. आमच्याकडे भीतीला मालक लोक रक्तदाब म्हणतात.

गुरुजींच्या कादंबरीत एक शहर होतं. तिथे विजेच्या प्रत्येक खांबावर ऐकणारं यंत्र. माणसं आधी कुजबुजायला लागतात, मग तेही सोडतात. शेवटच्या पानावर एक वायरमन खांबावर चढतो आणि बघतो तर काय, यंत्र तीस वर्षांपूर्वीच बंद पडलेलं. ते वाचताना मला नवरा आठवला. दोन वर्षांपूर्वी मी टाइप केलेल्या एका कवितेपायी माझ्या नवऱ्याला पोलिसांनी चार दिवस नेऊन ठेवलं होतं. परत आल्यावर तो मला एका शब्दानेही बोलला नाही. पण तेव्हापासून दारावर थाप पडली की आम्ही दोघं आधी एकमेकांकडे बघतो, मग दाराकडे.

"नाग घातला तर ती विज्ञानकथा राहील का, न्वे यी?" गुरुजी म्हणाले.

"नाही राहणार. म्हणून तर घालायचा. गोष्टीत नाग बोलला तर वाचक विचारत नाही, कसा बोलला. म्हणतो, बरं, पुढे? यंत्र बोललं की विचारतो, कोणी बनवलं, तार कुठून आणली, उद्या आमच्या गल्लीत बसेल का."

"अगं, नागालाही नियम लागतात. वाटेल ते करत सुटला तर गोष्ट कोण वाचेल?"

"लागू देत की. पण ते त्याच्या तळ्यातले नियम. आपल्या गल्लीतून त्या तळ्याकडे रस्ता जात नाही. तुमच्या खांबाकडे जातो. विज्ञानकथा म्हणते, हे होऊ शकेल. अद्भुतकथा म्हणते, असं कुठे असतं का, तरी ऐका. मला 'असं नसतं' याच्याखाली सही करायचीय, गुरुजी. माझा जीव एवढासा आहे."

गुरुजी हसले. "एकोणीस वर्षं टाइप करताना तू वाचतेसही, हे मला ठाऊक नव्हतं." मग त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडलं. सत्तरी उलटलेला माणूस. ती एक वही लिहायला त्यांना चार वर्षं लागली होती. "एक अट," ते म्हणाले. "शेवट तोच. नाग मेलेला निघाला पाहिजे. कधीचा मेलेला."

मी कबूल झाले.

कचेरीतले साहेब फार मऊ बोलायचे. ओरडणारा साहेब परवडला. सूर्यफुलाच्या बिया सोलत त्यांनी बाड चाळलं आणि चिठ्ठी वाचली.

"अद्भुतकथा. म्हणजे यातलं काही घडू शकत नाही?"

"नाही, साहेब."

"कधीच?"

"कधीच नाही."

"तसं लिहून द्या."

मी लिहून दिलं. साहेबांनी शेवटचं पान पुन्हा उघडलं, दोनदा वाचलं.

"हा नाग मेला कसा?"

ते गुरुजींनी कुठेच लिहिलं नव्हतं. नवऱ्याचा डबा तेवढा डोळ्यांपुढे आला. सकाळी तो ओट्यावरच विसरून गेला होता.

"साहेब, असल्या गोष्टीत कसं ते विचारत नाहीत," मी कशीबशी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. "खरंय. मलाही कोणी विचारायला नको." त्यांनी तेवढं एक पान अलगद फाडून खणात ठेवलं आणि उरलेल्यावर शिक्का मारला. "राहू दे नाग जिवंत. मुलांना आवडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी चहाच्या दुकानात वाट बघत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"एकच पान ना? जाऊ दे," ते म्हणाले. "कार्बनची प्रत आहे तुझ्याकडे. जपून ठेव. मी नसेन तेव्हा कोणीतरी जोडेल."

मी मान खाली घातली.

"न्वे यी?"

"कचेरीतून थेट घरी गेले आणि चुलीत घातली, गुरुजी."

"आणि माझी वही?"

"तिच्यातलंही शेवटचं पान. वायरमनचं."

गुरुजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "साहेबांनी सांगितलं होतं का जाळायला?"

"नाही."

"मग नवरा म्हणाला?"

"तो शाळेत शिकवायला गेला होता. त्याला अजून माहीतही नाही. मला कोणीच सांगितलं नव्हतं."

त्यांनी मला बोल लावला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी किटली ओढली, कोरा चहा आधी माझ्या पेल्यात ओतला, मग स्वतःच्या.

"पी," ते म्हणाले. "गार होईल."