शिवेवर न थांबलेली गाडी

मित्रांनो, माझ्या बाजूच्या पाळण्यात सध्या एक तांबडी कोंबडी अंडी घालते. तिला कोणी हाकलत नाही. मी लढाईच्या दिवसांतली एक जुनी मोटारसायकल आहे आणि विट्याजवळच्या एका गावात गोठ्याच्या कोपऱ्यात उभी आहे.

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यात झाला. लढाईसाठी माझ्यासारख्या पुष्कळ गाड्या तयार केल्या होत्या. मला हिरवा रंग दिला. माझ्या एका बाजूला आणखी एक चाक लावून त्यावर एका माणसाला बसण्यापुरता लोखंडी डबा जोडला. त्यात कधी साहेब बसले, कधी पेट्या ठेवल्या, कधी जखमी शिपाई निजवले. लढाई संपल्यावर लष्कराने मला पुण्यात विकायला काढले. मला जोतीरामने घेतले. तो पलटणीत अशाच गाडीवरून निरोप पोचवायचा. माझा आवाज ऐकूनच माझे काय दुखते ते त्याला समजत असे.

मी गावात आले तेव्हा माणसे बघायला जमली. रंगूबाईंनी, म्हणजे जोतीरामच्या आईने, माझ्या चाकाखाली नारळ फोडला. पोरांनी त्या डब्याला पाळणा नाव दिले. जोतीरामची बायको अंजना लांब उभी राहून बघत होती. पुढे मात्र मला पुसायचे काम तिनेच घेतले. सासू रानात गेली की ती हळूच पाळण्यात बसायची. पाय जवळ घ्यायची आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायची. मी बंदच असायची. तरी आपण पडू की काय अशी ती पाळण्याची कड घट्ट धरून बसायची.

एकदा तिने जोतीरामला विचारले, "आवं, घाट कसा असतो?"

"रस्ता वर वर जातो आन् खाली गावं दिसत्यात. एवढी एवढी."

"मला एकदा दावा की."

रंगूबाईंच्या कानावर हे गेले. "नवऱ्याच्या शेजारी बसून गावातनं मिरवायला ती काय तमाशातली हाय?" असे त्या म्हणाल्या. त्या काळी आमच्या गावात नवरा पुढे चालायचा आणि बायको मागून. बरोबरीने बसून जाणे कोणी पाहिले नव्हते.

मग त्या दोघांनी एक बेत केला. अंजनाने माहेरी जाते म्हणून सकाळी चालत निघायचे. गावच्या शिवेवर बाभळीखाली थांबायचे. मागून जोतीराम मला घेऊन येणार आणि तिला पाळण्यात बसवून महाबळेश्वरला नेणार. आदल्या दिवशी अंजनाने मला इतके घासले की माझ्या दिव्यात तिचे तोंड दिसत होते. ती हसत होती. तिचे तसे हसणे मी पुन्हा पाहिले नाही.

सकाळी ती भाकरीचे गाठोडे घेऊन पुढे गेली. जोतीरामने मला बाहेर काढले आणि तेवढ्यात त्याचे दोन दोस्त दारात आले. दस्तगीर त्याच्याच पलटणीतला. हंबीरराव तालमीतला, दरवाजातून जाताना आडवे व्हावे लागेल असा दांडगा. जोतीराम घाटात निघालाय हे त्यांना कोठून तरी कळले होते.

"एकटाच व्हय रं जोत्या? आमी काय मेलो?" असे म्हणून हंबीरराव पाळण्यात बसलासुद्धा. माझ्या स्प्रिंगा करकरल्या. दस्तगीर मागे बसला.

जोतीरामने मला चालू केले. वाटेत सांगू, असे त्याच्या मनात असावे. तो मला सावकाश चालवत होता. शीव जवळ आली. बाभळीखाली अंजना उभी होती. नवे लुगडे, हातात गाठोडे. माझा आवाज ऐकून ती रस्त्याच्या कडेला आली.

दस्तगीर म्हणाला, "जोत्या, बाई हुबी हाय बघ. थांब की जरा, कुठं जायाचं हाय इचारू."

हंबीररावच्या डोळ्यांवर ऊन येत होते म्हणून त्याने तिला ओळखले नाही. तो हसला, "बसायची म्हणत असंल तर बसू दे. माझी मांडी रिकामीच हाय!"

मित्रांनो, आता थांबायचे आणि 'ती माझी बायको हाय, खाली उतर' एवढेच म्हणायचे होते. जोतीरामची मान ताठ झाली. त्याने माझी वेगाची मूठ पिळली. मी अंजनाच्या अंगावर धुरळा उडवत पुढे गेले. तिने पदराने तोंड झाकून घेतले.

"कोण हुती रं?" हंबीररावने विचारले.

"असंल कोणतरी," जोतीराम म्हणाला.

पुढची सहल मोठी मजेची झाली म्हणतात. कराड गेले, सातारा गेला, वाई मागे पडली. पसरणीचा घाट मी एका दमात चढले. खाली कृष्णेकाठची गावे एवढी एवढी दिसत होती. एका वळणावर तिघे उतरले. हंबीररावला भूक लागली होती.

"भाकरी आणली न्हाईस?"

"इसरलो."

दस्तगीरने जोतीरामकडे बघितले. मग हळू म्हणाला, "भाकरी बाभळीखाली ऱ्हायली न्हवं, गड्या?"

जोतीरामने मला किक मारली. माघारी फिरायला रस्ता होता. तो पाचगणीकडे गेला. महाबळेश्वरला त्यांनी गाणी म्हटली, धुक्यात आरोळ्या दिल्या. जोतीराम सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता. त्याने बायकोसाठी मधाची बाटली घेतली.

परत आलो तेव्हा रंगूबाई शेजारणीला सांगत होत्या, "पायात काटा मोडला म्हणं. माहेरच्या वाटंवरनं माघारी आली." अंजनाने सासूला खरे सांगितले नव्हते. मधाची बाटली तिने फळीवर ठेवली. मला ती पुसत राहिली, पण पाळण्यात पुन्हा बसली नाही.

"सुगी झाली की जाऊ," जोतीराम म्हणायचा.

"जाऊ की," ती म्हणायची.

सुगीच्या आधी तिला ताप आला. मुदतीचा ताप आहे, उतरेल, असे सगळे म्हणत होते. तो उतरला नाही. शेवटी रंगूबाईच रडत म्हणाल्या, "घाल बाबा तिला त्या पाळण्यात, मिरजंच्या दवाखान्यात ने." मग भर दिवसा, साऱ्या गावादेखत, अंजना माझ्या पाळण्यात बसली. खाली वाकळ टाकून तिला बांधली होती. शिवेवरच्या बाभळीजवळ तिने मान वळवली नाही.

तासगावच्या अलीकडे एक लहानसा चढ लागतो. बैलसुद्धा तो न थांबता चढतात. तेथे तिने डोळे उघडले.

"ह्योच का घाट?"

"व्हय," जोतीराम म्हणाला. "ह्योच."

"गावं दिसना झाली."

मिरजेत तिसऱ्या दिवशी ती गेली.

त्यानंतर जोतीरामने मला चालू केले नाही. एकदा हंबीरराव आणि दस्तगीर आले. हंबीरराव अंगणातूनच म्हणाला, "चल गड्या, घाटात फिरून येऊ. मन रमंल." जोतीरामने फळीवरची मधाची बाटली आणून त्याच्या हातात दिली. "त्या दिशी बाभळीखाली अंजना हुती," एवढेच तो म्हणाला. हंबीरराव बाटली हातात धरून अंगणात बसून राहिला. दस्तगीर बसला नाही. त्याला ते आधीच माहीत होते.

माझे टायर आता चिरले आहेत. टाकीला गंज चढला आहे. पण मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, असे मी तुम्हाला सांगणार नाही. लोखंडाचे काय, ते गंजणारच. तुमच्यासाठी कोणी शिवेवर उभे असेल, तर बरोबर कोण आहे ते बघू नका. थांबा. आणि पुढे कधी गाडीला दोष देऊ नका. माझा ब्रेक त्या दिवशी चांगला होता.