मस्कतला जाऊन आलेली काठवट

माझ्या काठाला एक चीर आहे. मस्कतमध्ये तिच्यात नख शिरतं. कर्जतजवळच्या आमच्या गावी आले, की थोड्याच दिवसांत कागदसुद्धा शिरत नाही. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, कारण एवढंच.

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे. पीठ मळायची, भाकरी थापायची लाकडी परात. मोरू सुतारांनी मला शिवणीच्या ओंडक्यातून कोरलं आणि मी आनंदीबाईंच्या चुलीपाशी कामाला लागले. त्यांची लेक छाया नर्स झाली आणि ऐन विशीत एकटीच मस्कतला निघाली. आनंदीबाईंनी मला तिच्या बॅगेत कोंबलं. "ने गं हिला. परक्या मुलखात भाकरी तरी आपली खाशील."

तिथल्या विमानतळावर अधिकाऱ्याने मला डफ समजून वाजवून पाहिलं. छायाने हवेतच भाकरी थापून दाखवली, तेव्हा तो हसला.

गावी पावसाळा सरला की मला उन्हात ठेवत. छायानेही मस्कतमधल्या पहिल्याच सुटीच्या दिवशी मला धुऊन गच्चीत ठेवलं. पण ते ऊन आपलं नव्हतं. संध्याकाळी मी तडकलेली होते. मला मांडीवर घेऊन ती रडली, मग चिरेत खोबरेल तेल जिरवत बसली. पुढे तिचं लग्न झालं. हर्षला नावाची लेक झाली, तीही माझ्यातच भाकरी थापायला शिकली. मधे कणीक मळायचं यंत्र आलं, तेव्हा मी बरेच दिवस फ्रिजमागे पडून होते.

दर सुटीत मी छायाबरोबर गावी येते. तिचा धाकटा भाऊ विलास दर वेळी विचारतो, "ताई, कायमची कधी येनार गं? का नुसती काठवटच धाडशील?"

"बघू रं, पुढच्या वर्षी."

निवृत्त होऊन ती तिकडेच लेकीजवळ राहिली, तरी उत्तर तेच. इकडे दर फेरीला माझी चीर थोडी लांबते. आरपार गेली, की माझं काम संपलं.

यंदाही गावाहून परत निघायच्या सकाळी हर्षला मला टॉवेलात गुंडाळत होती. छायाचं बोट चिरेवरून फिरलं आणि थांबलं.

"हर्षू, मिटली बघ ही."

"आई, दर वेळी मिटते. तिकडे गेली की उघडते."

मित्रांनो, लाकडाला थोडं तेल, थोडी सावली आणि रोजचं काम पुरतं. माणसाला काय पुरतं ते मला ठाऊक नाही, म्हणून मी कान देऊन होते.

छायाने टॉवेल सोडला. "तुला नवी कोरून घेऊ. उन्हात तेवढी ठेवू नको."

"आणि ही?"

"ही हितंच ऱ्हानार," छाया म्हणाली, "आनि मी पन."