उलटी चंद्रकोर

उवेने सहा महिने खपून एक्सेलमध्ये रायफलवर बसवायच्या एकेचाळीस दुर्बिणींची कुंडली मांडली होती. त्याच्या बायकोने, चारुलताने, दुकानात एक दुर्बीण डोळ्याला लावली, अंधाऱ्या कोपऱ्यातल्या पेंढा भरलेल्या हरणाच्या पापण्या न्याहाळल्या आणि म्हणाली, "हीच." उवेच्या यादीत ती सत्ताविसावी होती.

मग तिच्या रायफलवर ती बसवायचा मान तरी आपला म्हणून त्याने अख्खा रविवार घातला. अगदी जीव ओतून बसवली, पण आपल्या मानेला आणि आपल्या गालाला जुळवून. उवे सहा फूट चार इंच. चारुलता टाचा उंचावल्या तर पाच फूट.

शिकारीचा परवाना मिळून दोन वर्षं झाली, तरी जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखपलीकडच्या जंगलात ती नवऱ्याच्याच मचाणावर थर्मास सांभाळत बसे. खोकायचं नाही, हलायचं नाही, सांगितल्याशिवाय चहा ओतायचा नाही. आता कुरणाकाठचं मचाण रिकामं झालं होतं आणि ते तिला हवंच होतं, अगदी हट्टाने. पण तिथे हरणं दोनशे मीटरवर दिसतात. म्हणून जंगलाचा कारभार बघणाऱ्या बाउअरांनी अट घातली होती: नेमबाजीच्या रेंजवर, तेवढ्याच अंतरावर, पाच गोळ्या. पहिल्या दोन दुर्बीण जुळवायला आणि उरलेल्या तिन्ही तळहाताएवढ्या जागेत.

पहिल्या गोळीला चित्राभोवती काळी कड दिसत राहिली, म्हणून ती मान पुढे पुढे नेत गेली. रायफलने मागे धक्का दिला आणि दुर्बीण भुवईवर खाडकन आदळली. गोळी कुठे गेली देव जाणे!

उवे पांढराफटक पडला. बाउअर पट्टी आणायला धावले. चारुलताने मोबाइलमध्ये पाहिलं, तर भुवईवर लालचुटूक चंद्रकोर, तीही उलटी. तिला हसू आवरेना.

"अहो, लग्नात कुंकू माझ्या नाकावर सांडलं होतं तुम्ही. सव्वीस वर्षांत जरा वर सरकलात की!"

"आल्झो... म्हणजे, मी सगळं नीट मोजलं होतं," उवे पुटपुटला.

"मोजलंत हो. पण स्वतःला."

रायफल रिकामी करून तिने दुर्बिणीचे स्क्रू सैल केले. डोळे मिटले, गाल दस्त्यावर जसा पडेल तसा टेकवला आणि मग डोळे उघडले. "सरकवा मागे, माझ्याकडे. अजून. अजून थोडी. थांबा!" काळी कड नाहीशी झाली होती. तिने स्क्रू पुन्हा आळीपाळीने आवळले.

दुसरी गोळी सरळ खाली, बावीस सेंटिमीटरवर लागली. इथे दुर्बिणीची कळ एक टिचकी फिरवली की गोळी दोन सेंटिमीटर सरकते. उवे मोबाइलवर कॅल्क्युलेटर शोधत होता, तोवर तिने वरची कळ अकरा वेळा टकटक फिरवलीसुद्धा.

मग तीन गोळ्या. बाउअरांनी निशाण दाखवणाऱ्या पडद्यावर पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. तिन्ही भोकं एका पुरीखाली झाकली गेली असती.

चारुलताला आनंदाने काही सुचेना. रायफल ठेवून ती बाहेरच्या हिरवळीवर आली आणि तिने बाउअरांचे दोन्ही हात धरून गरागरा फुगडी घातली. सत्तर वर्षांचा तो गंभीर माणूस टोपी उडाली तरी हसत फिरत राहिला. "मचाण तुमचं!" तो धापा टाकत म्हणाला.

उवेने टाळ्या वाजवल्या, मग त्याचा चेहरा उतरला. "जा, पण माझ्या शेजारी आता कोण बसणार?"

तिला एकदम त्याची माया आली. तिने पिशवीतून थर्मास काढून त्याच्या हातात दिला.

"शनिवारी माझ्या मचाणावर या. पण खोकायचं नाही, हलायचं नाही. आणि मी सांगितल्याशिवाय चहा ओतायचा नाही."