गुडघ्याबद्दल

गार्थ नीस्ट्रॉम आणि मी एकाच शाळेतले. पुढे तो कॅनडातल्या सास्काटूनच्या क्रेन्स या आइस हॉकी संघाचा बचावपटू झाला आणि मी त्याच संघाच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. निवृत्त होईपर्यंत मी तिथेच होते, म्हणून हे मला माहीत आहे. लोकांना गार्थने अडवलेले गोल तेवढे आठवतात.

खेळाडू म्हणून तो देखणा नव्हता. बर्फावर जड वाटायचा, वळायला वेळ घ्यायचा. पण त्याच्या बाजूने कुणी सहज निसटून गेलं असं सहसा होत नसे. समोरच्याला अंगावर घ्यायचा, कडेच्या फळीवर दाबून धरायचा, खेळाची रबरी चकती काढून घ्यायचा आणि शांतपणे पुढच्या गड्याकडे सरकवायचा. आमच्याकडच्या लोकांना अशी माणसं आवडतात, फार न बोलता काम उरकणारी.

१९७९च्या फेब्रुवारीत आमच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, सामना होता. पाहुण्या संघात ओरेस्ट पावलुक नावाचा तेवीस वर्षांचा आघाडीचा खेळाडू होता. कनोरा गावाच्या बाजूच्या युक्रेनी शेतकऱ्याचा मुलगा. त्या हंगामात सगळे त्याच्याबद्दलच बोलत होते. चकती कोपऱ्यात गेली. ओरेस्ट ती काढायला वाकला, गार्थकडे त्याची पाठ होती, आणि गार्थ पूर्ण वेगात मागून त्याच्यावर आदळला. ओरेस्टचा पाय फळीपाशी दुमडला गेला. पंचांनी गार्थला दोन मिनिटं बाहेर बसवलं, तेव्हाचा नियमच तेवढा होता. तो बाहेर बसला असताना सगळं रिंक त्याच्या नावाचा पुकारा करत होतं. मीही करत होते.

ओरेस्टच्या गुडघ्यावर तीन शस्त्रक्रिया झाल्या. तो पुन्हा खेळला नाही. गावी जाऊन धान्याचा ट्रक चालवू लागला, लग्न केलं.

खूप वर्षांनी, बोलता बोलता गार्थ मला म्हणाला होता, "थांबता आलं असतं मला. पाठ दिसली होती. पाठीवरचा नंबरसुद्धा वाचला होता मी." एवढं बोलून त्याने दुसऱ्या कामाची फाइल मागितली.

तो आणखी नऊ वर्षं खेळला. त्यातली पाच कर्णधार म्हणून. मग ऑफिसात आला, आधी मॅनेजरचा मदतनीस आणि ब्याण्णव साली स्वतः जनरल मॅनेजर. खेळताना तो जसा होता तसाच खुर्चीतही होता. कुणाला संघात घ्यायचं, कुणाला दुसऱ्या संघाला देऊन टाकायचं, हे तो चेहरा न हलवता ठरवायचा. खुर्चीवर बसल्याच्या पहिल्याच आठवड्यात तो कुणाला न सांगता गाडी घेऊन कनोराला गेला. दुसऱ्या दिवशी येऊन मला म्हणाला, "मर्ना, एक नेमणूकपत्र टाइप कर. ओरेस्ट पावलुक. स्काउट."

ऑफिसात सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

ओरेस्टने एकवीस वर्षं नवे खेळाडू हेरायचं ते काम केलं. प्रेअरीच्या सपाट मुलुखातलं एकही रिंक त्याने सोडलं नसेल. उणे पस्तीस अंशांच्या थंडीत चार-चार तास गाडी हाकायची, लंगडत बाकांच्या वरच्या रांगेत जाऊन बसायचं, कागदी कपातली कॉफी प्यायची आणि सोळा-सतरा वर्षांची पोरं बघायची. अहवाल हाताने लिहायचा. मी ते टाइप करायचे आणि एकटीच हसायचे. एकाबद्दल त्याने लिहिलं होतं, "हातात जादू आहे, पण चकती दुसऱ्याला देणं म्हणजे याला जमीन विकल्यासारखं वाटतं." दुसऱ्याबद्दल, "पोरगा ठीक. आई बाकावरून जे सांगत होती ते त्याने ऐकलं असतं तर उत्तम." त्याने शोधलेले सात खेळाडू वरपर्यंत गेले.

गार्थ आणि ओरेस्ट आठवड्यातून दोनदा तरी फोनवर बोलत. खेळाडूंबद्दल, हवेबद्दल, रस्त्याबद्दल. दोघांची मैत्री होती असंच कुणीही म्हणालं असतं. त्या फेब्रुवारीचा विषय मात्र कधी निघाला नाही. एकदा ओरेस्टची बायको स्टेफनी फोनवर माझ्याशी बोलत होती. सहज म्हणाली, "तुमचा साहेब माणूस चांगला आहे हो. पण आमच्या ओरेस्टला त्याच्याकडून एकच गोष्ट ऐकायचीय, आणि ती सोडून तो सगळं बोलतो." हे मी गार्थला सांगायला हवं होतं. म्हटलं, दोन पुरुषांच्या भानगडीत आपण कशाला पडा.

दोन हजार तेरामध्ये संघाचे मालक बदलले. नव्या लोकांचं म्हणणं, सगळे सामने आता पडद्यावर दिसतात, माणसं हिंडवायची कशाला? अकरा स्काउट होते, चार ठेवायचे ठरलं. यादी गार्थने करायची. तो तीन दिवस दार लावून बसला. चौथ्या दिवशी यादी माझ्या टेबलावर आली, ओरेस्टचं नाव जाणाऱ्यांत होतं.

"हे तू मनापासून केलंस?" मी विचारलं.

"ठेवला असता तर सगळे म्हणाले असते, जुनं पाप फेडतोय. ठेवलेले चार पडद्याचं काम शिकलेत. त्याला ते येत नाही. न्याय हा असाच आहे."

"मग निदान जाऊन सांग. घ्यायला गेला होतास ना?"

"तू पत्र कर," तो म्हणाला.

मी केलं. चार ओळींचं पत्र, सातही जणांना तेच, फक्त नाव बदललेलं.

पुढच्या सोमवारी सकाळी ओरेस्ट संघाची गाडी परत करायला आला. गार्थने त्याला आत बोलावलं. दार उघडंच राहिलं आणि मला सगळं ऐकू येत होतं. आधी बराच वेळ ते मूस जॉ गावच्या एका पोराबद्दल बोलले, त्याला या वर्षी घ्या, नाहीतर दुसरे उचलतील, असं ओरेस्ट सांगत होता. मग तो उठला असावा, कारण खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"गार्थ, तू मला न्यायला आलास ना, त्या दिवशी मी स्टेफनीला म्हणालो, हा माणूस एक दिवस बोलेल. घाई नाही. नोकरीसाठी नव्हतो रे मी आलो. ट्रकवर माझं बरं चाललं होतं."

मग ओरेस्टच पुढे म्हणाला,

"एकवीस वर्षं फोन वाजला की वाटायचं, आज."

"मला वाटलं, तुला कळलंय," गार्थ म्हणाला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "नोकरी दिली, तेव्हाच..."

"कळलं होतं. पण ऐकायचं होतं."

"चुकलं माझं, ओरेस्ट. माफ कर."

ओरेस्ट अगदी सौम्यपणे, चिडल्याचं नावही नाही अशा स्वरात म्हणाला, "आता हे तू गुडघ्याबद्दल म्हणतोयस की या पत्राबद्दल, मला कसं कळणार? तुला तरी कळतंय का?"

तो बाहेर आला, गाडीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, माझ्या नातवाची चौकशी केली आणि जिन्याने खाली गेला. त्याचा मेहुणा त्याला न्यायला आला होता.

गार्थही पुढे फार टिकला नाही. दोन हंगाम संघ तळाशी राहिला आणि मालकांनी त्यालाही निरोप दिला. मूस जॉचा पोरगा तोपर्यंत दुसऱ्याच संघाकडून नाव काढत होता. मी त्याच वर्षी निवृत्त झाले. गार्थची बायको आधीच गेली होती, तेव्हा अधूनमधून मी त्याच्याकडे सूप नाहीतर केक घेऊन जायचे. एका दुपारी गेले तर टेबलावर कागदच कागद. तो पत्र लिहीत होता. स्वतःच्या हाताने. आयुष्यभर माझ्याकडून टाइप करून घेतलेला माणूस, त्याचं अक्षर मला नीट लागेना.

खाडाखोड करत शेवटी दोन ओळी राहिल्या. "एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत मला तुझी पाठ दिसली होती आणि मी थांबलो नाही. हे फक्त त्या गुडघ्याबद्दल आहे, दुसऱ्या कशाबद्दल नाही." खाली सही. पोस्टात मीच टाकलं.

उत्तराला महिना लागला. ते स्टेफनीचं होतं. जानेवारीत ओरेस्टला पक्षाघाताचा झटका आला होता. बोलणं बंद होतं, माणसं ओळखतो की नाही हेही नक्की सांगता येत नव्हतं. तिने लिहिलं होतं, "तुमचं पत्र मी त्याला दोनदा वाचून दाखवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला काय समजलं ते मला सांगता येत नाही, आणि खोटं मी लिहिणार नाही."

गार्थने ते वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं.

"तुला काय वाटतं, मर्ना? समजलं असेल?"

"समजलं असेल," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली. पण तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मी उठून सूप गरम करायला गेले.