मिंगेलची दुसरी प्रत

मिंगेल फर्नांडिस जूनमध्ये गेला आणि गणपतीपासून पत्रं पाठवू लागला.

आमच्या तोंडवलीच्या वाडीची ईमेल-यादी आहे. एका पत्त्यावर लिहिलं की गावातल्या आणि परमुलखातल्या त्रेसष्ट जणांना पोचतं. व्हॉट्सअ‍ॅप आहे की, असं लोक म्हणतात. पण तिथे सुप्रभात असतं. यादी मी सांभाळतो. निवृत्त माणसाला कुणीतरी काहीतरी सांभाळायला देतंच.

तर प्रत्येक पत्र दोनदा येऊ लागलं. आधी पाठवणाऱ्याच्या नावाने, मिनिटभराने तेच मिंगेलच्या नावाने. नळाला पाणी येणार नाही, असं मिंगेलने कळवलं. मिंगेलच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिसा आहे, असं त्याच्या भावाने, टोनीने, कुवेतहून कळवलं. मिनिटभराने मिंगेलनेही कळवलं.

टोनीचा फोन आला. "गुरुदास, मेलेलो माणूस स्वतःच्या मिसाचा आमंत्रण देता?"

"तपासतो रे."

"तपासू नको, बंद कर. नायतर माझा नाव काढ यादीतसून."

एकाच माणसाचे दोन पत्ते असले की असं होतं. तसं कुणाचं नव्हतं. मग पत्राच्या माथ्यावरचा लपलेला मजकूर उघडला; ते कुठून कुठे गेलं याचे शिक्के तिथे असतात. दुसरी प्रत यादीतून मिंगेलच्या पेटीत आणि तिथून परत यादीत आली होती. ज्याचं पत्र त्यालाच परत पाठवायचं नाही, असा यादीचा नियम आहे, म्हणून दोनावर भागलं. नाहीतर मिंगेल अनंतकाळ बोलत राहिला असता. हयातीत तो इतका बोलका नव्हता.

त्याच्या पेटीचा पासवर्ड फक्त बायकोला ठाऊक. मी शेजारी गेलो. फिलोमिना बॅगा भरत होती; रविवारी लेक ग्लिनिस तिला कायमची मडगावला नेणार होती. मिंगेलचा संगणक चालू होता, खुर्ची पडद्याकडे तोंड करून.

"बाय, ह्येच्यात काय केलंस?"

"इलेली पत्रां यादीक परत धाडूक सांगलंय मशिनीक. आमचा शेवटचा घर न्हय, भाऊ?"

तेव्हा मला उलगडलं. फोन नव्हते तेव्हा क्रुसाकडच्या लदिनीचा, म्हणजे वाडीच्या प्रार्थनेचा, निरोप घरोघर जायचा. शेवटच्या घराने उलट जाऊन, जिथून निघाला तिथे सांगायचं: पोचलो. म्हणजे निरोप पोचला. परत आला नाही तर मधलं एखादं घर तुटलं असं समजायचं. चाळीस वर्षं ते काम मिंगेलचं. ईमेल आली तरी प्रत्येक पत्रावर मला तो एक शब्द लिहायचा.

"आता घराक कुलूप," ती म्हणाली. "निरोप परत इलो नाय तर लोक म्हणतले, मिंगेलाचा घर मेला."

"टोनी घाबारलो गो."

"सख्ख्या भावाक घाबारता? बरो भाऊ!"

मग ती बराच वेळ एका साडीची तीच घडी घालत राहिली. शेवटी उठली, खुर्चीत न बसता उभ्यानेच माउस हलवला, पत्रं परत धाडायच्या सूचनेपुढची खूण काढली. मी फोनवरून यादीला चाचणीचं पत्र पाठवलं. आलं.

आम्ही दोघं पडद्याकडे बघत थांबलो. ते मिनिट फार मोठं होतं. जन्मभर मी भुतांची टिंगल केली. पण तेवढं मिनिट वाटत होतं, दुसरी प्रत यावी.

नाही आली.

"आमच्याआदला घर कोणाचा?" तिने विचारलं. तिला ठाऊक होतं.

"माझा."

"मगे?" म्हणाली, आणि बॅगेची चेन ओढली.

सोमवारी दोडामार्गच्या सावित्रीचं पत्र आलं, एकदाच. काजूची कलमं कुणाला हवीत का? मला नको होती. तरी मी लिहिलं, पोचलो. खिडकीतून बघितलं तर माझ्यापुढे आता एक कुलूप होतं, मग सुरूचं बन, मग समुद्र.