हिरव्या ठिपक्यांचा चेंडू

बाबांना जाऊन सव्वीस दिवस झाले होते. गोल्फच्या मैदानावरचा त्यांचा लॉकर रिकामा करायला ती आली, तर बाबांचे खेळातले जोडीदार काका बाबांचीच बॅग खांद्याला लावून दारातच उभे.

"एक होल खेळ. मग ने काय न्यायचंय ते."

"मला काठी धरतासुद्धा येत नाही, काका."

"इथे कोणाला येतं? तुझा बाप तीस वर्षं गवतच उपटत होता."

इथे हसायला हवं, हे तिला कळलं. काकांनी तिची बोटं दांड्यावर बसवून दिली. "चेंडू पडेल तिथून मारायचा. हवेत काठी फिरली तरी फटका धरायचा. कमीत कमी फटक्यांत होलच्या खळग्यात घालायचा. बास."

बॅगेत हाताला लागला तो चेंडू तिने काढून ठेवला. पहिला फटका हवेतच गेला.

"एक," काका म्हणाले.

दुसरा लागला. चेंडू तिरका जाऊन झुडपांत शिरला.

"खूण काय होती त्याच्यावर? आपला चेंडू ओळखायला प्रत्येकजण करतो."

"दोन हिरवे ठिपके." म्हणता म्हणता तिला दिसलं, जेवणाच्या टेबलाशी बाबा पेनाने दोन-दोन ठिपके देताहेत, डझनभर चेंडूंवर. "बाकीचे कुठेत, काका?"

"तळ्यात. त्यानेच घातले. तेवढा एक उरला होता."

काकांनी घड्याळ बघितलं. "शोधायला तीन मिनिटं."

ती गुडघ्यांवर आत शिरली. काट्याने मनगट ओरबाडलं. रक्त दिसलं, दुखलं काहीच नाही.

"झाली तीन," बाहेरून आवाज आला. ती शोधतच राहिली. काकांनी पुन्हा हाक मारली नाही. बऱ्याच वेळाने वाळक्या पानांखाली चेंडू हाताला लागला. एक ठिपका खरवडला गेला होता.

"सापडला."

"वेळेनंतर सापडला तरी हरवलेलाच धरतात. तो खेळातून बाद."

"मग याचं काय करू?"

"खिशात टाक. त्याला आता कोणी मारायचं नाही." काकांनी स्वतःचा चेंडू पुढे केला. "पुन्हा पहिल्या जागेवरून. एक दंडाचा, म्हणजे हा चौथा."

ती मागे चालत गेली आणि चेंडू ठेवून एका हाताने काठी धरून उभी राहिली.

"दोन्ही हात लागतात गं," काका म्हणाले.

खिशातला हात बाहेर काढायला तिला जरा वेळ लागला. काकांनी या खेपेला घड्याळ बघितलं नाही.