पाव किलो चांदी

शहाऐंशी साली एक वैद्यकीय महाविद्यालय आणि सरकारी आरोग्य केंद्र मिळून वालूरकडच्या सहा गावांत लहान लेकरांच्या वाढीचा अभ्यास करत होते. दर महिन्याला प्रत्येक लेकराचं वजन करायचं आणि तक्त्यावर ठिपका मांडायचा. ठिपका तांबड्या रेघेखाली गेला, की त्या लेकराला दूधभुकटी मिळे, आणि महाविद्यालयाचे डॉक्टर बोरीकर त्याला दर आठवड्याला तपासत. रेघेच्या वरच्या लेकरांना एवढं कोणी पाहत नसे. अंगावर काही न ठेवता वजन करायचं, हा पहिला नियम.

पण गावात उघडं लेकरू कोणी तोलू देत नसे.

आरोग्य केंद्राच्या विमल नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी चांगुणाबाईच्या ओसरीत आढ्याला काटा टांगला, तेव्हा ती नातवाला पदराआड घेऊन बसली.

"तोलायला पोर म्हंजी कापूस हाय का? मानवतच्या बाजारात अडतीवरच न्या की मग!"

जमलेल्या बाया हसल्या. विमलही हसल्या.

"मावशी, वजन कळल्याशिवाय औषध कसं द्यायचं?"

"तोला. पर करदोडा न् वाळे अंगावरच ऱ्हातील. नजर लागायची ती चांदीला लागंल, पोराला न्हाई."

हट्ट धरला असता तर ते दार बंद झालं असतं, आणि त्यामागे सगळी गल्ली. विमलनी मान हलवली. मग तीच रीत पडली. गल्लीतली लेकरं दागिन्यांसकट काट्याच्या झोळीत बसू लागली. चांदीचं वजन अदमासानं वजा करावं, असं एकदा त्यांच्या मनात आलं होतं. पण अदमासाचा आकडा लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं, असं वाटून त्यांनी काटा दाखवील तेच लिहिलं.

चांगुणाबाईचा नातू मुंजा आठ महिन्यांचा होता. श्रावणात त्याला जुलाब झाले. त्या महिन्यातही ठिपका रेघेच्या जरासा वरच पडला. पोराचे दंड काडीसारखे झाले होते. विमलनी ते पाहिलं, आणि तक्ताही पाहिला. विश्वास तक्त्यावर ठेवला.

"रेघेच्या वर आहे गं," त्या त्याच्या आईला, मनकर्णाला, म्हणाल्या. "खाऊ घालत राहा."

भादव्यात मुंजा गेला.

मातीला न्यायच्या आधी त्याच्या अंगावरची चांदी उतरवली. कोणीतरी ती क्षणभर विमलच्या ओंजळीत ठेवली. पाव किलोच्या आसपास असावी. केंद्रात येऊन त्यांनी तक्ता उघडला आणि पाव किलो वजा करून ठिपके पुन्हा मांडले. दोन महिन्यांपासून मुंजा रेघेखाली होता.

बुधवारी डॉक्टर बोरीकर आले. विमलनी उभ्यानंच सगळं सांगितलं.

"अशी किती मुलं?"

"त्या गल्लीतली सगळीच, सर."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे आजवरचे आकडे गेले."

"आकडे जाऊ द्या. अकरा लेकरं रेघेच्या अगदी जवळ आहेत. आधी ती परत तोलू."

"ऐकतील लोक? काय सांगणार त्यांना?"

"झालं तेच."

विमल आधी मनकर्णाकडे गेल्या. ती ओसरीवर ज्वारी पाखडत होती. आत चांगुणाबाईचं जातं चालू होतं.

"ताई, मुंजाचं वजन तर रेघेच्या वर व्हतं ना? तुमीच म्हन्लात."

"म्हणाले होते. चुकलं माझं. चांदीसकट तोललं मी. ती काढायला लावणं माझं काम होतं."

आतलं जातं थांबलं.

"म्हंजी त्याला दूध भेटलं असतं?"

"हो."

"न् डाक्टर?"

"दर आठवड्याला."

मनकर्णा सुपातल्या ज्वारीकडे पाहत राहिली. आतून हुंदका आला. मनकर्णानं वळून पाहिलं नाही.

"मग आता कशाला सांगायलात? माझं पोर तर गेलं."

"गल्लीतल्या कमलबाईची मुलगी रेघेच्या अगदी जवळ आहे, ती परत तोलायची आहे. सगळं काढून. कमलबाई दारात उभं करत नाही मला."

मग मनकर्णानं सूप भिंतीला टेकवलं, पदर खोचला.

"माझं ऐकंल ती. चला." पायरी उतरता उतरता ती थांबली. "पर ताई, यापुढं आमच्या दारी येऊ नका."

ती पुढं चालू लागली. काटा खांद्याला अडकवून विमल तिच्यामागून निघाल्या.